पाळी कंपनीची, पोट आपलं

दुपारी एक वाजला की सावेसाहेब जिथे असतील तिथे डबा उघडत. प्लँटमध्ये असले तर वरच्या केबिनमध्ये, स्टोअरमध्ये असले तर पोत्यांच्या थप्पीवर. एकदा वर्क्स मॅनेजरांनी साडेबाराला मीटिंग ठेवली. मॅनेजर सुरतेकडचे, शाकाहारी, आणि त्यांच्या केबिनला एसी, म्हणजे खिडक्या बंद. एक वाजला तसं सावेसाहेबांनी पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर उघडला. आत नागलीची भाकरी, वालाची उसळ आणि सुक्या बोंबलाची चटणी.

"सावे, ये क्या है?" मॅनेजर म्हणाले.

"आप बोलिये साहेब, मैं सुनता है. कान आणि तोंड ही दोन वेगळी डिपार्टमेंटं हाईत."

पुढची मीटिंग पावणेएकला संपली. त्यापुढच्याही.

मी या कारखान्यात लागलो तेव्हा नुकताच पालघरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालो होतो. आमचं घर कोळगावच्या पलीकडे, पावसाच्या पाण्यावर पिकणारी थोडी जमीन. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बोईसर-तारापूरच्या वसाहतीत तेव्हा रोज नवी चिमणी उभी राहत होती आणि केमिस्ट म्हणून नोकरी मिळणं फारसं अवघड नव्हतं. मला मात्र ते फार मोठं वाटलं. आमच्या कारखान्यात रंगांसाठी लागणारी रसायनं बनत. सावेसाहेब शिफ्ट इनचार्ज होते आणि मी त्यांच्या पाळीत.

दामोदर सावे चिंचणीचे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. कारखाना उभा राहत होता तेव्हा पाइप उचलायला आले आणि तिथून ऑपरेटर, मग चार्जमन, मग इनचार्ज असे वर चढले. रिअ‍ॅक्टरच्या भांड्याला हाताचा तळवा लावून आतल्या मालाचा रंग सांगत, आणि मी प्रयोगशाळेत नमुना तपासून येईपर्यंत त्यांचं सांगणं खरं ठरलेलं असे. उंच, काटकुळे, कानांवरचे केस पांढरे. मला ते नावाने हाक मारत नसत. "काय ग्रॅज्युएट," म्हणत. त्यात थट्टा होती आणि थोडा मानही होता.

पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला पकडलं. मी सकाळच्या पाळीला काही न खाता येत असे आणि दहाला कँटीनमध्ये बन-मस्का नि दोन चहा घेत असे.

"सकाळी काय खाल्लंस?"

"भूक नसते साहेब इतक्या लवकर."

"बॉयलरला पाणी कधी देतात? आटल्यावर?"

"नाही. आटायच्या आधी."

"मग तू काय बॉयलरपेक्षा मजबूत हायस काय?"

खरी गोष्ट वेगळी होती. आई पहाटे उठून नागलीची भाकरी करून देत होती. ती मी वाटेत पिशवीतच ठेवत असे. ग्रॅज्युएट माणसाने कँटीनमध्ये सगळ्यांसमोर काळी भाकरी काढायची, याची मला लाज वाटत होती. ती भाकरी सावेसाहेबांनी कधी पाहिली मला माहीत नाही. एक दिवस त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर विचारलं, "ती नागली तुमच्या रानातली? मग आईला सांग, सावेसाहेबाला पाच किलो पाहिजे. चिंचणीत चांगली मिळत नाय."

मी घरी जाऊन सांगितलं. आई चुलीपाशी बसल्या बसल्या हसली. "साहेब आपली नागली खातो? मंग तुला रं कसली लाज?" त्या दिवसापासून माझा डबा उघडा झाला.

"पाळी कंपनीची, पोट आपलं," हे त्यांचं वाक्य. आमच्या पाळ्या दर आठवड्याला बदलत. सकाळची, दुपारची, रात्रपाळी. बहुतेकांचं जेवणही पाळीबरोबर फिरत असे. कधी चारला, कधी पहाटे, कधी नुसतं फरसाण आणि चहा. सावेसाहेबांची सातची न्याहारी, एकचं जेवण आणि आठचं जेवण मात्र कुठलीही पाळी असो, हलत नसे. झोप मोडून उठतील, जेवतील आणि परत झोपतील. कंपनीची बस कारखान्याच्या फाटकापर्यंत येत असे, पण ते दोन किलोमीटर आधीच्या नाक्यावर उतरत आणि तिथून चालत येत. छत्री उघडूनसुद्धा. बस त्यांना मागे टाकून पुढे जाई तेव्हा आमचा ऑपरेटर लक्ष्मण मेहेर खिडकीतून ओरडे, "साहेब, कंपनीनं बसचं पैसं कापलं काय तुमचं?"

"तुझी बस तुला पोचवते रे मेहेरा, माझी दोन पायांची मला फिरवते," असं काहीतरी ते ओरडून सांगत. मेहेर किनाऱ्यावरच्या दांडी गावचा. त्याचा बाप आणि भाऊ मासेमारीवर, हा एकटाच कारखान्यात. त्याला सावेसाहेबांची थट्टा करायची मुभा होती, कारण कामात तो त्यांचा उजवा हात होता.

एका गोष्टीवरून मात्र सगळेच त्यांना हसत. आमच्याकडे धुळीचं नि वासाचं काम, म्हणून पाळी संपताना प्रत्येकाला गुळाचा एक खडा मिळे. घसा साफ होतो असा समज. लोक तिथल्या तिथे तोंडात टाकत. सावेसाहेब रांगेत उभे राहून खडा घेत, कागदात गुंडाळत आणि शर्टाच्या खिशात ठेवत. कधीही खाताना दिसले नाहीत. "साहेबांच्या घरी गुऱ्हाळ हाय," मेहेर म्हणे. "महिन्याला ढेप होते." इनचार्ज माणूस, आणि गूळ घरी नेतो, हे मलाही मनातून खटकत होतं.

दसऱ्याला यंत्रांची पूजा होई. त्या दिवशी मालक येत आणि पेढा स्वतःच्या हाताने प्रत्येकाच्या तोंडात घालत. सावेसाहेबांनी तो पेढा गालात धरून मालकांशी बॅचच्या उताऱ्याबद्दल, म्हणजे किती माल निघाला त्याबद्दल, दहा मिनिटं बोललेलं मी पाहिलं आहे. मालक वळले तसे ते नळाकडे गेले. मला वाटलं, माणूस विक्षिप्त आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला कारण कळलं.

एका बॅचमध्ये तापमान उतरत नव्हतं. सावेसाहेब सकाळपासून रिअ‍ॅक्टरपाशी उभे होते. एक वाजला, दीड वाजला, दोन वाजत आले. मी पहिल्यांदाच पाहिलं की त्यांचा डबा उघडला नव्हता. मग ते मला म्हणाले, "तीन नंबरची वाफ सोड."

आम्ही थंड करत होतो. वाफ सोडली असती तर काय झालं असतं ते प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यानेही सांगितलं असतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. कपाळ घामाने डबडबलेलं, हात थरथरत होते, आणि डोळे माझ्याकडे असून माझ्याकडे नव्हते.

"साहेब, वाफ नाही. पाणी," मी म्हणालो.

त्यांनी ओठ हलवले. थोड्या वेळाने शब्द आले. "खिशात. गूळ."

मी खिशातून कागद काढला, खडा त्यांच्या तोंडात घातला आणि त्यांना पायरीवर बसवलं. मेहेरने पाण्याचा व्हॉल्व्ह सांभाळला. दहा-पंधरा मिनिटांत त्यांचा आवाज परत आला. बॅचही निवली. मेहेर खाली गेल्यावर ते मला म्हणाले, "डायबेटिस हाय मला. सात वर्षं झाली. गोळी घेतली आन् जेवण चुकलं की असं होतं."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं, फार थोडक्यात. कंपनीचा नियम होता की दरवर्षी जानेवारीत डॉक्टर सगळ्यांना तपासणार, आणि लघवीत साखर निघाली तर माणूस प्लँटवरून हलणार. नोकरी जात नसे. स्टोअरमध्ये किंवा फाटकावर टेबल मिळे. पालघरच्या एका डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की जेवण, चालणं आणि झोप घड्याळावर ठेवली तर साखर आटोक्यात राहील. म्हणून तो डबा, तो नाका आणि गालातला पेढा. दरवर्षी जानेवारीत त्यांची तपासणी स्वच्छ निघत होती.

"पण टेबलावर बसायला काय हरकत आहे साहेब?" मी विचारलं.

"तुझ्याकडे कागद हाय, ग्रॅज्युएट. उद्या तू दुसऱ्या कंपनीत जाशील, तिथं पण केमिस्टच. माझ्याकडे हा प्लँट हाय. याच्या बाहेर मी मॅट्रिक." मग म्हणाले, "कुणाला बोलू नको. आन् पुन्हा मी चुकीचं सांगितलं तर हात धर माझा. लाजू नको."

मी बोललो नाही. ते बरोबर होतं का, याचा विचार मी नंतर अनेकदा केला आहे. त्या वयात मला त्यांचा विश्वास मोठा वाटला. त्यानंतर एक वाजता प्लँट माझ्या हातात देऊन ते डबा खायला जात, बॅच कशीही असो, आणि तो एक तास त्यांनी पुन्हा कधी चुकवला नाही. माझं प्लँट शिकणं त्या एका तासात झालं.

त्यांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली आणि ती मला आवडली नव्हती. मला डबल पाळी करायची हौस होती. बदली केमिस्ट आला नाही की मी थांबत असे, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत असे की मी सोळा तास उभा होतो. एकदा मी असा थांबलो असताना त्यांनी माझ्या नमुन्यांची वही पाहिली. शेवटचे तीन आकडे मी आधीच्या ओळीवरून तसेच उतरवले होते. मला ते लक्षातही आलं नव्हतं.

"सोळा तासांतले आठ कंपनीला दिलेस," ते म्हणाले. "बाकीचे आठ कुणाला दिलेस ते बघ." त्यांनी वही मिटली आणि मला घरी पाठवलं. "दमलो दमलो सांगणं पण एक बढाई असते. पैलवान कधी सांगतो काय, मी दमलो?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मीही नाक्यावर उतरलो. त्यांनी फक्त रस्त्याची सावलीची बाजू मला दिली.

अशी दहा-बारा वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी सीनिअर केमिस्ट झालो. बरोबरीच्या कितीतरी लोकांची पोटं सुटली, कुणाला रक्तदाब लागला, एकजण चाळिशीत हृदयविकाराने गेला. सावेसाहेब पन्नाशी ओलांडूनही तसेच काटकुळे राहिले. त्यांच्या आजाराची शंका कोणालाच आली नाही, उलट आता लोक त्यांच्याकडे सल्ला मागायला येऊ लागले. मेहेरसुद्धा जेवताना भात कमी करून दाखवी. "बघा साहेब, आज तीनच वाढणी."

एका डिसेंबरात कॉस्टिकच्या पंपाचं सील गेलं. कॉस्टिक म्हणजे साबण बनवायला वापरतात तोच जहाल पदार्थ. कातडीला लागला की आधी बुळबुळीत लागतो आणि मग भाजतो. पंप बंद केला तरी टाकीतला माल फरशीवर येत होता. सगळे गमबूट घालून होते. सावेसाहेब पुढे उभे राहून मेहेरकडून व्हॉल्व्ह आवळून घेत होते, मी मागून पाण्याचा पाइप धरला होता. मध्येच मेहेर मागे सरला.

"मागं का सरतोस?" साहेब ओरडले.

"साहेब, पाय भाजतायत. बुटात शिरतंय काय तरी."

"काय नाय शिरत. मी उभा हाय ना इथं? तुझ्यापेक्षा पुढं उभा हाय. आवळ!"

मेहेर पुन्हा पुढे झाला. दात आवळून त्याने व्हॉल्व्ह बंद केला आणि तसाच धावत शॉवरखाली गेला. त्याच्या दोन्ही घोट्यांना फोड आले होते. बूट जुने, सांध्यावर चिरलेले. साहेबांनी स्वतः त्याला कंपनीच्या दवाखान्यात नेलं, अहवाल लिहिला आणि तासाभराने केबिनमध्ये येऊन बूट काढायला बसले. मी समोर होतो.

त्यांच्या मोज्याचा साबण झाला होता. मोजा उतरताना त्याबरोबर कातडीही आली. करंगळी आणि शेजारचं बोट लाल, उघडं. मी तोंड फिरवलं आणि परत पाहिलं. ते पायाकडे दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसे बघत होते.

"साहेब, दुखत नाही?"

"नाय," ते म्हणाले. मग त्यांनी दुसऱ्या पायाचा अंगठा चिमटीत धरून दाबला, जोराने, नख पांढरं होईपर्यंत. तो पाय त्यांनी खाली ठेवला आणि मला पाणी आणायला सांगितलं.

पायाची जखम भरायला चार आठवडे लागले. कारखान्यात त्यांनी नखुरडं झालंय असं सांगितलं. चालणं बंद होतं, बस फाटकापर्यंत घेत होते. मेहेरने पुन्हा बसच्या पैशांची थट्टा केली. यावेळी साहेब हसले नाहीत.

जानेवारीत नेहमीप्रमाणे डॉक्टर आले. कँटीनमध्ये चादरीचा आडोसा करून टेबल मांडलं होतं. रांगेत साहेबांच्या मागे मी होतो. मला माहीत होतं की वजन बरोबर निघेल, रक्तदाब बरोबर निघेल, लघवीही स्वच्छ निघेल, कारण त्या चार आठवड्यांत त्यांनी जेवणाच्या वेळा मिनिटभरही हलू दिल्या नव्हत्या. डॉक्टर पाय पाहतच नसत. कागदावर तो रकानाच नव्हता.

"वा, सावे," डॉक्टर आतून म्हणाले. "दहा वर्षांचे कागद आहेत माझ्याकडे. तुमचं वजन दोन किलोसुद्धा हललेलं नाही. सगळे असे असते तर मला काम उरलं नसतं." शिक्का उचलल्याचा आवाज आला.

"डॉक्टर, जरा थांबा. टाचणी हाय का?"

"टाचणी?"

"माझ्या पायाला लावा. मी डोळे मिटतो."

चादर अर्धवट बाजूला होती. साहेब खुर्चीवर बसले, बूट-मोजा काढला आणि डोळे मिटले. डॉक्टरांनी कागदांना लावलेली टाचणी काढली. ते खाली वाकले.

"लावा की," साहेब म्हणाले.

"चार वेळा लावली," डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी डोळे उघडले आणि मोजा चढवला. मग त्यांनी डायबेटिसची सगळी हकिकत आपणहून सांगितली, किती वर्षं, कुठली गोळी, कुणाचं औषध. डॉक्टर लिहीत होते. शिक्का बाजूला राहिला.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. मला राग आला होता, कुणावर ते मला सांगता आलं नसतं. "कुणी विचारलं होतं का साहेब? आणखी पाच वर्षं निघाली असती."

"निघाली असती," ते म्हणाले. "मेहेरचे पाय खरं सांगत होते, माझे साखरेनं बधिर झालेले, आन् मी त्याला सांगितलं, मी उभा हाय ना? तो माझ्या शब्दावर परत पुढं गेला, ग्रॅज्युएट. त्या जागी माझ्या शब्दाला किंमत असते म्हणूनच गेला." त्यांनी शर्टाचं बटण लावलं. "ज्याला आग कळत नाय, त्यानं माणसं पुढं उभी करायची नाय."

फेब्रुवारीत त्यांना स्टोअरमध्ये टेबल दिलं. त्यांची पाळी माझ्याकडे आली. पहिले काही दिवस ते जेवणाच्या सुट्टीत प्लँटच्या शिडीपर्यंत येत, खालूनच वर बघत आणि परत जात. मग तेही थांबलं. मेहेरला मी एकदा विचारलं, त्यांच्यावर राग आहे का? तो म्हणाला, "राग कशाला? आमच्यात होडीवरचा नाखवा चुकला तर किनाऱ्यावर येऊन कबूल नाय करत. ह्यांनी केलं."

ते निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात मी स्टोअरमध्ये गेलो होतो. माझे गमबूट जुने झाले होते, नवे हवे होते. स्टोअरच्या मागच्या ओट्यावर वर्तमानपत्रं पसरली होती आणि त्यावर कारखान्यातले बूट ओळीने उभे केले होते, चाळीसएक तरी असतील. प्रत्येक बूट तोंडापर्यंत पाण्याने भरलेला. सावेसाहेब समोर स्टुलावर बसून कुठला कागद ओला होतो ते बघत होते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते हे करत, असं स्टोअरच्या माणसाने मला सांगितलं. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुठल्या नियमातही नव्हतं.

"तुझे इथं ठेव," त्यांनी ओळीच्या शेवटी जागा दाखवली. मी बूट काढले. त्यांनी बादलीतून पाणी ओतलं आणि आम्ही दोघं, मी अनवाणी, ओट्याकडे बघत बसलो. पाच मिनिटं झाली असतील. माझ्या डाव्या बुटाखालचा कागद कडेने गडद होऊ लागला.

"बाद," ते म्हणाले, आणि नवा जोड आणायला आत गेले.